रस्ते बंद असताना शहर ओलांडायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा: रविवारी शहरात मॅरेथॉन आहे. घर धावमार्गाने वेढलेल्या भागात, आणि विमानतळ त्या धावमार्गाच्या पलीकडे. विमान दुपारी ३ चे. सोबत दोन मोठ्या बॅगा आणि फार चालवत नाही असे वडील. एरवी कॅबने ४० मिनिटे लागतात, मग दोन तास आधी निघालो तर पुरेल का?

दोन तास आधी निघून पुरणार नाही, आणि चुकीच्या वेळी निघालात तर चार तासही पुरणार नाहीत. वाहतूक कोंडीत वेळ वाढतो, पण गाडी सरकत राहते. बंदोबस्तात रस्ता भिंतीसारखा होतो. तुम्ही भिंतीच्या या बाजूला असाल तर भिंत उघडेपर्यंत गाडी पलीकडे जात नाही, मग तुम्ही कितीही लवकर चावी फिरवा. म्हणून ‘किती आधी निघू?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. भिंत कुठे आहे, किती वाजता उभी राहते, किती वाजता पडते आणि तिला दारे कुठे आहेत, ही चार उत्तरे आधी मिळवा.

ती वाहतूक पोलिसांच्या सूचनेत आणि आयोजकांच्या नकाशात मिळतात, पण सूचना नीट वाचावी लागते. बहुतेक सूचनांमध्ये तीन वेगवेगळ्या वेळा असतात: पार्किंगबंदी केव्हापासून, वाहनांना रस्ता बंद केव्हापासून आणि रस्ता पुन्हा खुला केव्हा. पार्किंगबंदी अनेकदा आदल्या रात्रीच सुरू होते. रस्ता कार्यक्रमाच्या एक-दोन तास आधी बंद होतो, कारण बॅरिकेड, पाण्याची टेबले, वैद्यकीय तंबू हे सगळे मांडायचे असते. खुला होण्याची वेळ मात्र जवळपास नेहमीच अंदाजे असते. शेवटचा माणूस गेल्यावर बॅरिकेड उचलणे आणि झाडलोट होते, तेव्हा कुठे सिग्नल पुन्हा नेहमीसारखे चालू होतात. छापील वेळेवर अर्धा तास वाढवूनच हिशेब करा. ‘स्थानिक वाहनांना प्रवेश’ आणि ‘सर्व वाहनांना बंद’ यांतला फरकही पाहा. पहिल्यात पत्त्याचा पुरावा दाखवून आत जाता येते, दुसऱ्यात घर समोर दिसत असले तरी गाडी अडवली जाते. ओळखपत्रावर जुना पत्ता असेल तर वीजबिल किंवा भाडेकराराची प्रत जवळ ठेवा.

आता भिंत कोणत्या जातीची आहे ते ओळखा, कारण प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

मॅरेथॉनची भिंत लांब असते, पण तिची वेळ मोजता येते. ४२.१९५ किलोमीटरचे अंतर आघाडीचे धावपटू किलोमीटरमागे साधारण ३ मिनिटांच्या गतीने कापतात. मुदत सहा तासांची असेल तर शेवटचे धावपटू किलोमीटरमागे साधारण साडेआठ मिनिटे घेतात. सगळे एकदम सुटत नाहीत, गटागटाने सोडतात, त्याची आणखी ३० मिनिटे धरा. समजा शर्यत सकाळी ७ ला सुटते. १० किलोमीटरच्या खुणेवर पहिला धावपटू ७.३० ला येतो आणि शेवटचा ८.५५ ला जातो. ३२ किलोमीटरच्या खुणेवर पहिला ८.३६ ला आणि शेवटचा १२.०२ ला. म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात रस्ता दीड तास धावपटूंनी व्यापलेला असतो आणि शेवटच्या टप्प्यात साडेतीन तास. मार्ग ओलांडण्याची जागा निवडता येत असेल तर ती सुरुवातीच्या १०-१२ किलोमीटरमध्ये निवडा, वळसा पडला तरी चालेल. व्हीलचेअर स्पर्धक बहुधा आधी सुटतात आणि जास्त वेगवान असतात, म्हणून पहिल्या धावपटूच्या वेळेच्या भरवशावर बसू नका.

मार्ग वळसा घेऊन त्याच रस्त्यावर परत येतो का, हेही नकाशात बघा. लंडन मॅरेथॉनमध्ये टॉवर ब्रिज ओलांडल्यावर धावपटू ‘द हायवे’ या रस्त्यावरून पूर्वेला जातात, आयल ऑफ डॉग्जचा फेरा घेतात आणि त्याच रस्त्यावरून परत पश्चिमेला येतात. तो रस्ता दोनदा वापरात येतो, म्हणून उशिरा मोकळा होतो. तिन्ही बाजूंनी नदी असलेल्या त्या भागातल्या रहिवाशांसाठी डीएलआर (हलकी शहरी रेल्वे), ज्युबिली लाइन आणि एलिझाबेथ लाइन या रेल्वे आणि नदीखालून जाणारा ग्रीनिचचा पादचारी बोगदा, हेच बाहेर पडण्याचे भरवशाचे मार्ग उरतात. तुमचे घर अशा वेढ्यात आहे का, हे नकाशावर पेन्सिलने मार्ग गिरवला की दोन मिनिटांत समजते.

पायी ओलांडायचे असेल तर क्षण निवडावा लागतो. आघाडीचे थोडे धावपटू गेल्यावर मुख्य लोंढा येईपर्यंत बऱ्यापैकी मोकळीक असते, तेव्हा स्वयंसेवक लोकांना सोडतात. मग चार-साडेचार तासांत शर्यत संपवणाऱ्यांची दाटी येते, तेव्हा साध्या ओलांडणीवर दहा-पंधरा मिनिटे सहज थांबावे लागते. त्यानंतर गर्दी पुन्हा विरळ होते. काही ठिकाणी रस्त्याच्या मध्ये बेटासारखी जागा राखतात. धावपटूंना दोरीने आधी डावीकडून आणि मग उजवीकडून वळवतात, पादचारी अर्धा रस्ता ओलांडून बेटावर थांबतात आणि पुढच्या पाळीला उरलेला अर्धा ओलांडतात. अशी जागा जवळ असेल तर तीच गाठा. मोठी बॅग, बाबागाडी किंवा काठी घेऊन धावणाऱ्यांच्या मधून घुसू नका. थकलेल्या धावपटूला शेवटच्या क्षणी बाजूला होता येत नाही आणि पडतात दोघेही.

मिरवणूक किंवा मोर्चा वेगळा. त्याची गती तासाला एक-दोन किलोमीटर, तीही थांबत थांबत, त्यामुळे वेळापत्रकावर भरवसा ठेवता येत नाही. इथे लोक हमखास एकच चूक करतात: मिरवणुकीच्या पुढे निघून ओलांडू पाहतात. हिशेब करून बघा. मिरवणूक २ किलोमीटर लांब आहे, ताशी दीड किलोमीटरने सरकते आहे आणि तिचे तोंड नुकतेच तुमच्यापाशी आले आहे. जागेवर उभे राहिलात तर ती पूर्ण जायला ८० मिनिटे लागतील. समांतर गल्लीतून ताशी ४ किलोमीटरने शेपटाच्या दिशेने चालत गेलात, तर शेपूटही तुमच्याकडेच येत असल्याने २२ मिनिटांत त्याच्यामागे पोहोचता. तुम्ही मधोमध अडकला असाल तरी हेच. तोंड गाठायला गेलात तर ते पुढे पळत राहते आणि तुम्ही नेमके जास्त गर्दीत शिरता. शेपटाकडे चाला.

महत्त्वाच्या व्यक्तींचा ताफा जातो तेव्हाची बंदी पूर्वसूचनेशिवाय येते, पण बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात उठते. तिथे गाडी वळवून गल्लीबोळात शिरण्यापेक्षा इंजिन बंद करून थांबणे चांगले.

सर्वांत कडक असते क्षेत्रबंदी. तिथे बंद रस्त्याची एक रेघ नसते, शहराचा एक तुकडाच बंद असतो आणि त्याला आतून बाहेर अशी वलये असतात. पॅरिसमध्ये २६ जुलै २०२४ रोजी ऑलिम्पिकचे उद्घाटन सीन नदीवर झाले. त्यासाठी १८ जुलैपासून नदीकाठच्या पट्ट्यात पायी जायलाही क्यूआर कोडचा परवाना लागत होता. त्याबाहेरच्या लाल क्षेत्रात वाहनांना सबळ कारण दाखवावे लागे, पण पादचारी मोकळे होते. क्षेत्रबंदीची सूचना वाचताना आपला पत्ता कोणत्या वलयात येतो आणि बंदी वाहनांना आहे की माणसांनाही, हे शब्दशः तपासा. परवाना काढायचा असेल तर शेवटच्या दिवसावर ठेवू नका. नदीवरचे पूल बंद असतील तर नदी हीच मोठी भिंत ठरते. अशा वेळी दूरच्या उघड्या पुलावरून जाणे किंवा नदीखालून मेट्रोने जाणे, एवढेच पर्याय राहतात.

मग भिंतीला दारे कुठे असतात? सर्वांत भरवशाचे दार जमिनीच्या वर किंवा खाली असते: भुयारी मेट्रो, उन्नत रेल्वे, पादचारी पूल, रुळांखालचा बोगदा. उड्डाणपुलाखालचा रस्ता बंद असला तरी वरचा पूल कधी कधी चालू असतो, कारण त्यावरून कार्यक्रमाच्या जागेत उतरताच येत नाही. बंदीच्या रेघेला छेद देणारी रेल्वे असेल तर बाकीचा प्रवास कसाही वाकडा होऊ द्या, पण रेघ रेल्वेनेच ओलांडा. ओलांडून पहिल्याच स्थानकावर उतरू नका. तिथे सगळेच उतरतात आणि बाहेर कॅबही पोहोचत नाही. दोन-तीन स्थानके पुढे जाऊन उतरा आणि तिथून कॅब किंवा बस घ्या.

मेट्रोलाही मर्यादा आहेत, आणि त्या गाडीपेक्षा जिन्यावर जास्त जाणवतात. मोठ्या स्टेडियममधला कार्यक्रम सुटला आणि २०,००० लोक एका स्थानकाकडे निघाले असे समजा. दर ३ मिनिटांनी १,२०० माणसांची रिकामी गाडी आली तर तासाला २४,००० जण जातात, म्हणजे ५० मिनिटांत काम व्हायला हवे. पण गर्दीच्या नियोजनात जिन्यावरून मीटरभर रुंदीमागे मिनिटाला ६६ माणसे धरतात. दोन-दोन मीटर रुंदीचे दोनच जिने असतील तर मिनिटाला २६४ जण फलाटावर पोहोचतात आणि २०,००० लोकांना सव्वा तास लागतो. फलाट भरू नये म्हणून कर्मचारी फाटक मध्येच बंद करतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, ते सुरक्षेसाठीच असते. तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत: संपायच्या १५ मिनिटे आधी निघा, किंवा तासभर आतच बसून राहा, किंवा दुसऱ्या मार्गिकेच्या स्थानकापर्यंत चाला. त्याच मार्गिकेवर चालायचे असेल तर गाडी ज्या दिशेने येते त्या बाजूच्या, म्हणजे आधीच्या स्थानकाकडे जा. पुढच्या स्थानकावर स्टेडियमची गर्दी भरून आलेलीच गाडी तुमच्यासमोर येईल. आणि जाण्यापूर्वी पाहून घ्या की स्टेडियमजवळचे स्थानक त्या दिवशी चालू आहे का. अशी स्थानके काही वेळ पूर्ण बंद ठेवतात, नाहीतर फक्त उतरण्यासाठी किंवा फक्त चढण्यासाठी खुली ठेवतात.

बसबाबत एकच सांगतो. वळवलेल्या मार्गावरची बस पकडण्यापेक्षा रेघ न ओलांडणारी बस शोधा. अनेक बसफेऱ्या बंदीच्या अलीकडेच संपवतात. रेघेपर्यंत एक बस, मध्ये दहा मिनिटे चालणे आणि पलीकडून दुसरी बस, हा प्रवास बहुतेक वेळा वळवलेल्या थेट बसपेक्षा लवकर होतो. थांब्यावरचा फलक कधी कधी नेहमीचेच वेळापत्रक दाखवत असतो, म्हणून बस नकाशावर खरोखर हलताना दिसते का, ते अ‍ॅपवर बघा.

स्वतःची गाडी काढायचीच असेल तर बंद रस्त्याच्या लगतचा समांतर रस्ता सोडून द्या. सिग्नल असलेल्या रस्त्यावर हिरवा दिवा अर्धा वेळ असेल, तर एका मार्गिकेतून तासाला साधारण ९०० गाड्या निघतात. तीन मार्गिकांचा रस्ता बंद झाला की एका दिशेच्या २,७०० गाड्या नवीन वाट शोधतात आणि त्यांतल्या बहुतेक पहिल्याच समांतर रस्त्यावर येतात. त्या रस्त्याचे सिग्नल या ओझ्यासाठी बसवलेले नसतात, आणि एका चौकातली रांग मागच्या चौकात घुसली की आडवी वाहतूकही थांबते. म्हणून वळसा मोठा घ्या. बाह्यवळण रस्त्याने दुप्पट अंतर पडले तरी वेळ कमी लागतो आणि मुख्य म्हणजे तो अंदाजात बसतो. गाडी बंदीच्या भागात उभी असेल तर आदल्या संध्याकाळीच रेघेपलीकडे नेऊन लावा. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगचे एकमेव फाटक बंद रस्त्यावर उघडत असेल, तर आत सुरक्षित उभी असलेली गाडीही दिवसभर तुमच्या उपयोगाची नाही. हे लोकांच्या लक्षात सकाळी फाटकापाशी येते.

नकाशाच्या अ‍ॅपवर आंधळा विश्वास नको. ‘उद्या सकाळी ९ ला निघायचे’ असे टाकले की अ‍ॅप एरवीच्या रविवारची वाहतूक गृहीत धरून वेळ सांगते, उद्याची बंदी त्यात असेलच असे नाही. बंदीच्या पहिल्या काही मिनिटांत तर नुकताच रिकामा झालेला रस्ता मोकळा म्हणूनही दिसू शकतो. अ‍ॅप कोंडी कुठे आहे ते बघायला वापरा, वाट सूचनेतल्या नकाशावरून ठरवा. गर्दीत मोबाइल डेटा मंदावतो, कधी बंदच पडतो. शहराचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, बंदीच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट घ्या, तिकीट फोनमध्ये जतन करा. भेटायची जागा ‘पोहोचलो की फोन करतो’ अशी ठेवू नका, ठरावीक दार किंवा ठरावीक खांब ठरवा. डेटा चालत नसला तरी साधा एसएमएस पुष्कळदा जातो.

कॅबचा पिन घरावर टाकलात तर चालक बॅरिकेडपाशी येईल, दोन फोन करील आणि फेरी रद्द करील. पिन रेघेपासून निदान ८०० मीटर ते १ किलोमीटर दूर, ज्या दिशेला जायचे त्याच बाजूला आणि जिथे क्षणभर थांबता येईल अशा रस्त्यावर टाका. एकेरी रस्ता असेल तर गाडी कोणत्या बाजूने येणार हे बघूनच उभे राहा. सायकल हा चांगला पर्याय आहे, पण धावमार्गावर आणि दाट गर्दीत ती हातात धरून चालावी लागते. भाड्याच्या ई-स्कूटरचा वेग अशा भागात अ‍ॅपमधूनच कमी केलेला असू शकतो.

चालण्याचा हिशेबही प्रामाणिकपणे करा. मोकळ्या रस्त्यावर माणूस ताशी साडेचार-पाच किलोमीटर चालतो. चौरस मीटरला दोन माणसे झाली की गती निम्म्यावर येते, चार झाली की सगळे फक्त सरकत राहतात. त्यापुढची दाटी धोक्याची असते. २९ ऑक्टोबर २०२२ रोजी सोलच्या इतेवॉन भागात १५९ जीव गेले, ते एका अरुंद, उताराच्या गल्लीत. म्हणून गर्दीतून सुटायला ‘जवळची वाट’ म्हणून बोळात, जिन्यावर किंवा भुयारी मार्गात शिरू नका. पुढचे लोक थांबलेले दिसले की मागे फिरा, तेही मागून आणखी लोक येण्याआधी. दाटीत सापडलातच तर हात छातीसमोर घ्या, पडलेली वस्तू उचलायला वाकू नका आणि ढकलण्याला विरोध न करता लाट ओसरली की तिरके तिरके कडेला सरका.

घरात आजारी माणूस असेल तर तयारी आदल्या दिवशीच करा. डायलिसिससारखे ठरलेले उपचार असतील तर रुग्णालयाला फोन करून वेळ बदलून घ्या. तातडीची वेळ आली तर रुग्णाला स्वतःच्या गाडीत घालून बॅरिकेड शोधत फिरू नका. रुग्णवाहिका बोलावताना पत्त्यासोबत सांगा की घर बंद रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे आणि सर्वांत जवळचा ओलांडण्याचा चौक कोणता. एक माणूस त्या बॅरिकेडपाशी पाठवून तिथल्या पोलिसाला आधी कल्पना द्या. रुग्णवाहिकेसाठी बंदोबस्त उघडतात, पण तो उघडायला धावपटूंना थांबवावे किंवा वळवावे लागते, आणि आधी कळवले तर गाडी येईपर्यंत ती जागा तयार असते.

आता तुमचा रविवार. घर ३२ किलोमीटरच्या खुणेजवळ असेल तर शेवटचा धावपटू १२ च्या सुमारास जाईल आणि रस्ता १२.३० ते १ च्या दरम्यान उघडेल. विमानतळावर देशांतर्गत उड्डाणासाठी १ ला पोहोचायला हवे. म्हणजे रस्ता उघडायची वाट पाहणे बाद. वडील आणि बॅगा यांचा विचार करता सर्वांत चांगले म्हणजे रस्ता बंद व्हायच्या आधी, पहाटेच, कॅबने रेघेपलीकडे जाणे. बंदीची वेळ सूचनेत पाहून तिच्या तासभर आधीची कॅब आदल्या रात्रीच ठरवा. विमानतळावर किंवा पलीकडच्या नातेवाइकांकडे सहा तासांहून जास्त वेळ काढावा लागेल, पण वडिलांना एक पाऊलही जास्त चालावे लागणार नाही. तेवढ्या लवकर जमत नसेल तर दुसरी वाट मेट्रोची, स्थानक आतल्या बाजूला चालत १० मिनिटांच्या आत असेल तरच. त्या स्थानकाची लिफ्ट चालू आहे का, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. घरून १०.३० ला निघा, रेघ ओलांडून तीन स्थानके पुढे उतरा आणि तिथून कॅब घ्या. स्थानकापर्यंत १० मिनिटे, लिफ्ट आणि तपासणीला २०, मेट्रोला २०, कॅब मिळायला १५ आणि विमानतळापर्यंत ४० धरली, तर १२.१५ ला पोहोचता आणि पाऊण तास हाताशी राहतो. मोठ्या बॅगा शनिवारीच पलीकडे कोणाकडे तरी नेऊन ठेवता आल्या तर हा दुसरा मार्ग बराच सोपा होतो.